पक्का भ्रम

“‘भाऊ हा आपला भाऊच नाही, असा पक्का भ्रम,’” डॉक्टर हेमांगीनं फाइलीतल्या ओळीखालून बोट फिरवत वाचलं आणि मान वर करून गिरधरकडे पाहिलं. आपल्या बागेतला सगळ्यात मोठा घड पाहुण्याला दाखवताना केळीवाला पाहतो, तसं ते पाहणं होतं. “अडतीस वर्षं, काका. शहाऐंशी सालच्या पहिल्या कागदापासून आजपर्यंत. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या, कानातले आवाज कमी झाले, जास्त झाले. हे एक वाक्य मात्र जागचं हललेलं नाही. इतका टिकलेला भ्रम आमच्या अभ्यासात दुसऱ्या कुणाचाच नाही.” मग तिनं दुसरा कागद ओढला आणि खाली मान घालून पुढचा प्रश्न विचारला. “तुम्ही दोघं सख्खे ना? आई एक, वडील एक?”

“सख्खे,” गिरधर म्हणाला.

तिनं खूण केली. पेनाचा तो बारीक आवाज गिरधरला ऐकू आला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो शब्द तोंडातून गेल्यावर जिभेला काहीतरी लागलं. पाण्यात वाळूचा कण लागावा तसं. एरवी हा शब्द त्याला कधी जड गेला नव्हता. जळगावच्या एसटी वर्कशॉपात त्यानं पस्तीस वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकले होते. तिथल्या त्याच्या हातोड्याचा दांडा जसा तळहाताच्या घामानं गुळगुळीत झाला होता तसाच हा शब्दही. शाळेत, रेशनकार्डावर, लग्नाच्या बोलणीत, दवाखान्यात, जिथं कुणी विचारील तिथं तो हा शब्द काढायचा, वापरायचा आणि परत ठेवायचा. कित्येक वर्षं तर हा शब्द खोटा आहे याचीच त्याला आठवण राहिली नव्हती. आता समोरच्या मुलीच्या बोटाखाली ती ओळ होती आणि त्या ओळीत नवलभाऊचा वेडेपणा म्हणून जे लिहिलं होतं, ते खरं होतं. नवल त्याचा भाऊ नव्हता. दोघांच्या अंगात एका थेंबाचंही रक्त सारखं नव्हतं.

नवलभाऊ दाराबाहेरच्या बाकावर बसला होता. चौसष्ट वर्षांचा, उंच, हाडापेरानं मोठा, गोळ्यांनी चेहरा सुजल्यासारखा झालेला, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून. सकाळच्या गाडीनं दोघं जळगावहून धुळ्याच्या या तपासणी केंद्रात आले होते. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तोवर तो एक शब्द बोलला नव्हता. इथं आल्यावर मात्र काचेपलीकडलं एमआरआयचं यंत्र पाहून तो उठून उभा राहिला होता आणि यंत्र चालवणाऱ्या भूपेंद्रला त्यानं विचारलं होतं, “हाऊ बोगदामधून रेल्वे जास का?”

“रेल्वे नाही बाबा, माणसं जातात,” भूपेंद्र हसून म्हणाला होता. “आणि परत येतात.”

“बठ्ठा परत येतस?”

“बठ्ठा. सगळे.”

नवलनं बोगद्याच्या तोंडाकडे पाहिलं होतं. मग गिरधरकडे न बघता म्हणाला होता, “पहिले तू जाय. मी देखसू.”

म्हणून गिरधर आधी जाणार होता. तसंही त्याला जायचंच होतं. अभ्यासाची रीतच तशी होती, हेमांगीनं जळगावला घरी येऊन नीट समजावलं होतं. तिच्या गटाला तीन तऱ्हेच्या माणसांच्या डोक्यातली चित्रं हवी होती. एक, नवलभाऊसारखी, ज्यांना वीस वर्षांहून जास्त काळ हा आजार आहे अशी. दुसरी, तुरुंगातली, माणूस मारूनही ज्यांच्या मनाला त्याचं काहीच वाटत नाही, दुसऱ्याचं दुखणं ज्यांच्यापर्यंत पोचतच नाही, अशी. आणि तिसरी, आजारी माणसांचे निरोगी सख्खे भाऊ किंवा बहिणी. “लोक पहिल्या दोघांना एकाच माळेत ओवतात, काका,” ती म्हणाली होती. “वेडा म्हटलं की खुनी म्हणून मोकळे होतात. आत ते दोघं किती वेगळे असतात ते आम्हाला दाखवायचंय. आणि आजाराचं थोडंसं चिन्ह सख्ख्या भावातही सापडतं, त्याला काही झालेलं नसलं तरी. म्हणून तुम्ही हवे. तुमच्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांचं काय बिघडलं ते कळत नाही.” गिरधरची बायको पुष्पाबाई चहा घेऊन दारात उभी होती. हे ऐकून तिनं नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं होतं, की जणू त्याच्या कपाळावर आताच काही उमटणार आहे.

“हा भ्रम किती पक्का आहे ते पाहा,” हेमांगी आता फाइलीतली जुनी पानं उलटत म्हणाली. “नुसतं ‘भाऊ नाही’ एवढंच नाही. भ्रमाला तपशील आहे. दोन हजार तीन सालच्या डॉक्टरांनी सगळं उतरवून घेतलंय. हे ऐका. ‘पेशंट सांगतो की भाऊ बैलगाडीतून आला. आईच्या बोटाला धरून उतरला. अंगात लाल बंडी होती. पायात एकच जोडा होता, दुसरा पाय उघडा. रडत नव्हता.’” तिनं पान मिटलं. “मन काय काय रचतं बघा. एकच जोडा!”

गिरधरनं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. भूपेंद्र त्याला न्यायला आला होता. “काका, खिशात किल्ली, नाणं, करदोड्याला काही?” त्यानं विचारलं. गिरधरनं करदोड्याची चांदीची कडी घरून निघतानाच काढून पुष्पाबाईकडे दिली होती. “पत्रे ठोकणाऱ्या माणसाची आम्हाला भीती असते,” भूपेंद्र म्हणाला. “डोळ्यात लोखंडाचा कण राहिलेला असतो आणि त्याला पत्ता नसतो. आत गेला की चुंबक तो कण ओढतो. म्हणून तर तुमच्या डोळ्यांचा एक्स-रे आधी काढला. तुमचे डोळे साफ निघाले.” त्यानं गिरधरला पाटावर निजवलं, कानात बोळे घातले, डोक्यावर पिंजऱ्यासारखं काही बसवलं आणि हातात रबरी फुगा दिला. “जीव घाबरला, काही सांगायचं झालं, तर दाबा. पण उगीच नका दाबू. मध्येच थांबलं तर सगळं पहिल्यापासून. समोर आरसा आहे, त्यात चेहरे दिसतील. बघत राहायचं. हलायचं नाही.”

पाट सरकत आत गेला. काचेपलीकडे नवलभाऊ उभा होता. पायाच्या दिशेनं त्याची उंच आकृती गिरधरला आरशात क्षणभर दिसली आणि गेली. मग ठोकाठोकी सुरू झाली. हा आवाज गिरधरला परका नव्हता. वर्कशॉपात पत्र्याच्या आत डोकं घालून बसलं आणि बाहेरून जोडीदारानं घाव घातले की असंच व्हायचं, आवाज कानातून न येता दातांतून यायचा. तो शांत पडून राहिला. एकच जोडा. त्याला ते माहीत नव्हतं. लाल बंडीही माहीत नव्हती. आपण कसे आलो याची त्याच्याजवळ एकच आठवण होती, ती बोटाची. आईचं बोट, त्याचं पेर, त्याला येणारा ओल्या हळदीचा वास, आणि ते सोडायचं नाही एवढंच. तीन वर्षांच्या पोराला याहून काय आठवणार? शिरपूरकडच्या एका गावात त्याचा जन्मदाता तापानं गेला, आणि वर्षाच्या आत आई भागाबाईचा वनाआबाशी पाट लागला, विधवेचं दुसरं लग्न. वनाआबाची पहिली बायको विहिरीवर पाय घसरून गेली होती आणि त्याच्या घरात सहा वर्षांचा एक पोरगा होता. तो पोरगा त्या संध्याकाळी गव्हाणीपाशी उभा राहून सगळं पाहत होता. आता आई नाही, वनाआबा नाही, गाडी हाकणारा कोण होता देव जाणे. गिरधर पहिल्यांदा त्या घरात कसा उतरला हे पाहिलेलं या जगात एकच माणूस उरलं होतं आणि त्यानं जे पाहिलं ते दवाखान्यानं आजार म्हणून लिहून घेतलं होतं.

पहिला चेहरा आरशात आला. एक बाई, तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. मग एक म्हातारा, रडणारा. मग नुसताच एक माणूस, काही न दाखवणारा. गिरधर बघत राहिला. आपल्या आत काय होतंय याकडे तो लक्ष देऊ लागला आणि त्याला काहीच होताना दिसेना. कोण कुठली बाई, तिला कशाचं भय, त्याला काय ठाऊक? त्याला तुरुंगातली ती माणसं आठवली. तीही याच पाटावर अशीच निजली असतील, हेच चेहरे बघत, आत काही न हलता. एक्क्याण्णव साली नवलभाऊला विजेचे झटके द्यायचे ठरले तेव्हा गिरधर दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. आतून काही ऐकू येत नव्हतं. त्यानं खिशातून एसटीचं वेळापत्रक काढलं आणि चोपड्याच्या गाड्या वाचत बसला. सहा वीस, सात पाच, आठ. त्याला रडू आलं नाही. पुढेही कधी आलं नाही. लोक म्हणायचे, गिरधरसारखा भाऊ मिळायला भाग्य लागतं. बायकोमुलांच्या बरोबरीनं वेड्याला सांभाळतो, एका ताटात जेवतो. लेक दिपमालाच्या लग्नाच्या वेळी दोंडाईचाचं स्थळ चालून आलं होतं, मुलगा शिक्षक, माणसं साधी. सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी त्यांनी माणूस पाठवून विचारलं, घराण्यात वेड आहे म्हणतात, मुलीचा काका, खरं का? पुष्पाबाई रात्रभर भिंतीकडे तोंड करून रडली. गिरधरला एकच वाक्य बोलायचं होतं. ते घराणं माझं नाही, माझ्या मुलीत त्या रक्ताचा थेंब नाही. स्थळ राहिलं असतं. तो बोलला नाही. सकाळी त्यानं स्वतःच त्यांना निरोप धाडला, खरं आहे, सख्खा काका आहे तिचा. दिपमालाचं लग्न पुढे तीन वर्षांनी झालं, आणि ती नांदतेय बरी, पण त्या तीन वर्षांत ती बापाशी लागेल तेवढंच बोलायची. त्या निरोपाचा गिरधरला मनातल्या मनात अभिमान होता. आपण नवलभाऊला सोडलं नाही, लेकीच्या लग्नापायीसुद्धा सोडलं नाही. आज त्या बोगद्यात पडल्या पडल्या तो अभिमान त्याला जरा उलटून पाहावासा वाटला. त्याच्या मागच्या बाजूला काय होतं? चोपड्याजवळच्या केळीच्या शेताच्या उताऱ्यावर त्याचं नाव नवलच्या बरोबरीनं लागलं होतं, तेही होतं. पण सगळं तेच नव्हतं. वनाआबानं त्याला शाळेत घालताना गुरुजींसमोर स्वतःचं नाव लावलं होतं आणि परतताना बांधावर थांबून, त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून सांगितलं होतं, “कोनी बी इचारं तं सांगानं, वनाना पोऱ्या शे. दुसरं काही सांगानं नही. नवलना सख्खा भाऊ.” भाऊकीनं पाटाची बायको म्हणून भागाबाईला पंगतीत वाढू दिलं नव्हतं, म्हणून तर वनाआबा ते गाव सोडून चोपड्याकडे आला होता. नव्या गावात कुणालाच काही माहीत नव्हतं. माहीत होतं ते चौघांना.

आणि त्या चौघांत सगळ्यात घट्ट नवलभाऊच होता. हे गिरधरला आता आठवलं. गिरधर पाचवीत असताना शिरपूरकडून आलेल्या एका पोरानं कुणाच्या तरी तोंडून ऐकून त्याला “आणेल पोऱ्या”, बाहेरून आणलेला पोर, म्हटलं होतं, आणि नवलनं त्या पोराला पाटाच्या पाण्यात उताणं पाडून, “म्हन, म्हन परत,” करत नाकातोंडात गाळ जाईपर्यंत दाबून धरलं होतं. घरी येताना तो गिरधरला म्हणाला होता, “मायले सांगू नको.” चांगला असेपर्यंत, चोवीस वर्षांचा होईपर्यंत, नवलनं हे गुपित एकदाही ओठांवर येऊ दिलं नाही. आजारानं त्याचं कुंपण मोडलं. जे आतापर्यंत जपून ठेवलेलं ते सगळं बाहेर येऊ लागलं; खऱ्याबरोबर खोटंही, विहिरीतून बोलणाऱ्या बायका, भिंतीतला रेडिओ, आणि त्यांच्याच रांगेत हे. शहाऐंशी साली जळगावला पहिल्या डॉक्टरांकडे नेलं. वनाआबा खुर्चीत, नवल मध्ये, गिरधर उभा. वर्कशॉपात लागून त्याला चार महिने झाले होते. डॉक्टरांनी नवलला विचारलं, हे कोण? नवल म्हणाला, “हाऊ गिरधर. हाऊ मना भाऊ नही शे.” डॉक्टरांनी वर पाहिलं. वनाआबा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. खोलीत पंख्याचा आवाज होता. त्या वेळी एक क्षण असा होता की दोन्हीकडे जाता आलं असतं. गिरधर म्हणाला, “सख्खा आहे साहेब. त्याला ओळख राहिली नाही.” आणि पेन चाललं. ते पेन चालताना त्यानं पाहिलं होतं. नवलनंही पाहिलं होतं. नवलनं तेव्हा गिरधरकडे ज्या नजरेनं पाहिलं तिच्यात राग नव्हता. आपण दोघं मिळून ज्या खोलीला कडी घालत होतो तिची कडी यानं आता बाहेरून घातली, असं काहीतरी त्या नजरेत होतं. मग दर वेळी तेच. कोणीही विचारावं, हा कोण, नवलनं खरं सांगावं, आणि गोळी वाढावी. न सांगितलेल्या दिवशी डॉक्टर म्हणत, सुधारणा आहे. गिरधरला नवलचं ते वाक्य ऐकून दर वेळी दुःख व्हायचं, खरंच व्हायचं, बघा, मी इतकं करतो आणि हा मला भाऊ म्हणत नाही. पुष्पाबाई म्हणायची, जाऊ द्या, वेडा माणूस. आणि तो म्हणायचा, हो, वेडाच.

आरशात पुन्हा ती बाई आली, तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. आता गिरधरला ती बाई दिसेना. त्याला गव्हाणीपाशी उभा असलेला पोरगा दिसू लागला, सहा वर्षांचा, ज्यानं एवढं नीट पाहिलं की कुणाचा कुठला पाय उघडा आहे तेही त्याच्या ध्यानात राहिलं. कुणीतरी आपल्याला इतकं निरखून घरात घेतलं होतं. आणि बाहेर ती मुलगी बसली होती, वेडा वेगळा आणि दगडी काळजाचा वेगळा हे जगाला दाखवायला निघालेली, आणि तिच्या त्या कामात आज एक कण जाणार होता जो कुठल्याच एक्स-रेत दिसणार नव्हता. गिरधरच्या डोक्याशी नवलचं डोकं ताडून बघतील आणि म्हणतील, सख्ख्या भावात काहीच चिन्ह नाही. त्यावरून पुढे कुणाच्या गोळ्या ठरतील, कुणाच्या लेकींची लग्नं. त्याच्या हातातला रबरी फुगा घामानं बुळबुळीत झाला होता. त्यानं तो दाबला.

ठोकाठोकी थांबली. पाट बाहेर आला. “काय काका, घाबरलात?” भूपेंद्र म्हणाला. “नऊ मिनिटं झाली होती हो. अजून तीनच राहिली होती.”

“मॅडमना बोलवा,” गिरधर उठून बसत म्हणाला. पिंजऱ्याचे वळ त्याच्या कपाळावर उमटले होते. हेमांगी आली तेव्हा तो पाय खाली सोडून, अनवाणी, पाटावरच बसला होता. “आम्ही सख्खे नाही, मॅडम. एका बापाचे सावत्रसुद्धा नाही. त्याची आई वेगळी, बाप वेगळा. माझी आई वेगळी, बाप वेगळा. मी गाडीतूनच आलो होतो. जोड्याचं मला माहीत नव्हतं, पण तो म्हणतो तर असेल.”

 हेमांगी रागावेल असं त्याला वाटलं होतं, तिनं रागवावं असंही वाटत होतं. तिनं फाइल यंत्राच्या कडेवर ठेवली, परत उचलली, उघडली. पानं मागे मागे उलटत गेली. एके ठिकाणी तिचं बोट थांबलं. “इथं गोळी दुप्पट केलीय,” ती हळू म्हणाली. “कारण लिहिलंय, कुटुंबाविषयीचा भ्रम जात नाही.” आणखी पुढे गेली. “इथंही.” मग तिनं वर पाहिलं. “आजार आहे हो त्यांना. आवाज खरेच येतात, ते सगळं आहे. पण हे त्यातलं नव्हतं. त्यांनी जोड्यापर्यंत सांगितलं आणि आम्ही प्रत्येकानं आधीच्या पानावरून उतरवून घेतलं. मीसुद्धा.” मग फाइल मिटून ती म्हणाली, “तुमची जोडी आता अभ्यासात राहणार नाही. हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल. आणि मला त्यांना विचारावं लागेल. तुमच्यासमोर.”

गिरधरनं बाहेरच्या टेबलावर बसून लिहून दिलं. दोनच ओळी होत्या, पण त्यांना वेळ लागला. मग हेमांगी बाकापाशी गेली आणि नवलच्या शेजारी बसली. “नवलकाका, हे कोण?”

नवलनं आधी गिरधरकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या पेनाकडे. पेन पाहून त्यानं तोंड मिटून घेतलं. हेमांगीनं पेन खिशाला लावून टाकलं. तेव्हा तो म्हणाला, “गिरधर.”

“तुमचे भाऊ?”

“नही. मायना बोटले धरीसन उना हाऊ.” आणि लगेच त्यानं शर्टाची बाही वर सरकवली, सुई टोचायला हात पुढे करतात तसा हात पुढे केला.

हेमांगीनं तो हात धरून परत मांडीवर ठेवला. “बरोबर आहे,” ती म्हणाली. “तुम्ही सांगता ते बरोबर आहे, काका. तुम्ही पहिल्यापासून बरोबर सांगत होतात.”

नवलला आनंद होईल असं गिरधरला कुठेतरी वाटलं असावं. नवल घाबरला. त्याची मान मागे गेली, नजर भिंतीवरून, दारावरून, काचेपलीकडल्या यंत्रावरून फिरली, जणू खोलीतलं सामान कुणीतरी न विचारता हलवलं होतं. मग ती नजर गिरधरवर येऊन थांबली. “तू सांगं?”

“हां, भाऊ. आता सांगितलं.”

“मंग माले सुया कसाले टोच्यात?”

गिरधरनं तोंड उघडलं. वनाआबाचं नाव त्याच्या ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. “मी खोटं सांगितलं म्हणून,” तो म्हणाला. “डॉक्टरांना मी खोटं सांगितलं.”

नवलनं वर सरकवलेली बाही खाली ओढून घेतली. दोघं केंद्रातून निघाले, रिक्षा केली, धुळ्याच्या स्टँडवर उतरले. जळगावच्या गाडीला अर्धा तास होता. चहाच्या टपरीजवळच्या बाकावर दोघं बसले. तिथं नवल एकाएकी विचारू लागला, शाळेतला पोरगा पाढे म्हणून दाखवताना मध्येच विचारतो तसा, एकामागून एक. “मंग हिरमधल्या बाया? त्या बी खऱ्या व्हत्यात?”

“नाही भाऊ. विहिरीत कुणी नव्हतं.”

“रेडिओ?”

“नाही. भिंतीत रेडिओ नव्हता.”

“बाप वारना ते?”

“ते खरं. वनाआबा गेले, आपण दोघांनी पाणी दिलं.”

“तुले काय मालूम?” नवल म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, तो खरंच विचारत होता. “तू खोटं सांगस. तू नही म्हनशी, ते हां ऱ्हाई. मंग माले कोन सांगी?”

 अडतीस वर्षं हे सांगायचं काम गिरधरचंच होतं. नवल कानावर हात ठेवून बसला की त्याला सांगायचं, काही नाही भाऊ, कुणी बोलत नाही. तो भिंतीला कान लावायला लागला की म्हणायचं, भिंतच आहे. आणि नवल मान डोलवायचा. भाऊ म्हणत नव्हता, पण त्याच्या ‘नाही’वर चालत होता, अंधारात दुसऱ्याच्या पावलावर पाऊल टाकून चालावं तसा. आता ती वाटच राहिली नव्हती.

चहावाल्यानं दोन ग्लास आणून बाकावर ठेवले. चहाच्या बाबतीत दोघांचा जुना रिवाज होता. नवल ग्लासाकडे बघून विचारायचा, मधमा काही टाकेल शे का? गिरधर म्हणायचा, नाही भाऊ, आत साखरच आहे. मग नवल प्यायचा. घरी, दवाखान्यात, लग्नात, कुठेही. आज नवलनं विचारलं, “मधमा काही टाकेल शे का?”

“नाही भाऊ.”

नवलनं ग्लास उचलला नाही. चहावर साय धरू लागली. माशी आली, बसली, गेली. गाडी फलाटाला लागल्याचं कुणीतरी ओरडून सांगितलं, माणसं पिशव्या उचलून धावली. नवलनं स्वतःचा ग्लास बाकावरून हळूहळू सरकवत गिरधरपुढे आणला. “पहिले तू पी.”

गिरधरनं तो ग्लास उचलला आणि थंड होत आलेला अर्धा चहा प्याला. उरलेला खाली ठेवला. नवल त्याच्या गळ्याकडे बघत होता, घोट उतरताना हलणाऱ्या हाडाकडे, मग तोंडाकडे, मग डोळ्यांकडे. जळगावची गाडी सुटायची घंटी झाली. “गाडी जाईल, भाऊ,” गिरधर म्हणाला.

“जाऊ दे,” नवल म्हणाला. “थांब थोडा.”

गाडी गेली. पुढची दीड तासानं होती. गिरधर बाकावरून हलला नाही. हात मांडीवर ठेवून, तोंड नवलभाऊकडे करून तो बसून राहिला. आपण जिवंत आहोत हे त्याला बघता यावं म्हणून, त्याचं बघून होईपर्यंत.